झोपून तर कुणीही मारेल!

१९८, १९७ आणि १९५. हे तीन आकडे जरा लक्षात राहू द्या.

३१ जुलै २०२४ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत हे गुण मिळवले. प्रकार होता ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. पहिला आकडा गुडघ्यावर बसून, दुसरा पालथं झोपून आणि तिसरा उभं राहून. प्रत्येक पोझिशनमध्ये २० गोळ्या, एका गोळीला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे प्रत्येक आकडा २००पैकी. बेरीज ५९०, सातवा क्रमांक आणि अंतिम आठ जणांत जागा. दुसऱ्या दिवशी त्याने कांस्यपदक मिळवलं. १९५२मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं होतं. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. रेल्वेतला टीसी, शिक्षक वडील, सरपंच आई ही गोष्ट तुम्ही तेव्हा व्हॉट्सअॅपवर दहादा वाचली असेल, म्हणून ती इथे परत सांगत नाही.

मला वेगळंच सांगायचंय. आमच्या मयूर विहार फेज १च्या सोसायटीत गणपतीच्या दिवसांत चार मराठी घरं एकत्र जमतात, तेव्हा एकदा या सामन्याचा विषय निघाला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अगं, उभं राहून मारतात ते खरं. झोपून, पट्टा लावून, जमिनीवर कोपर टेकून तर कुणीही मारेल!" सगळे हसले, पण त्यांचा बारा वर्षांचा नातू काही हसला नाही.

त्याचं कारण मला दोन दिवसांनी लिफ्टमध्ये कळलं. तो एका अकॅडमीत एअर रायफल शिकतोय. पहिले दोन महिने सरांनी त्याला रायफलखाली स्टँड दिला होता. तेव्हा त्याची कार्डं बघण्यासारखी होती, सगळी भोकं मधोमध. मग स्टँड काढला आणि कार्डाची चाळणी झाली. आजोबांनी निकाल देऊन टाकला, "स्टँड होता म्हणून लागत होतं. म्हणजे तुला येतच नव्हतं." आता पोरगं म्हणतंय, मला जायचं नाही.

मी बीए इंग्रजी. बंदुकीशी माझा संबंध जत्रेतले फुगे फोडण्यापुरता. पण त्या मुलाचा चेहरा बघून मी या विषयात शिरले. नियम वाचले, सामन्यांचे व्हिडिओ पाहिले आणि ओळखीतल्या दोन नेमबाजांना भंडावून सोडलं. त्यातून एवढं नक्की समजलं की काका ज्याला 'आधार' म्हणतात, ते प्रकरण दिसतं तेवढं सोपं नाही.

आधी हातातल्या फोनवर एक प्रयोग करा. कॅमेरा उघडा, झूम दहापट करा आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघा. टाकीवरचं नाव स्क्रीनच्या मधोमध ठेवायचा प्रयत्न करा. नाव नाचतंय ना? आता दोन्ही कोपरं गॅलरीच्या कठड्यावर टेकवा. नाचणं कमी होईल. मग पलंगावर पालथं पडून उशीवर हात ठेवून बघा. चित्र जवळजवळ थांबेल. आता गंमत म्हणून फोन उशीवर जोरात दाबून धरा. चित्र पुन्हा थरथरायला लागेल, आणि नीट पाहिलंत तर त्या थरथरीला एक ठेका असतो. तो तुमच्या नाडीचा.

या प्रयोगात जवळजवळ सगळा विषय आला.

आता हेच नेमबाजाच्या मापाने बघा. ५० मीटर म्हणजे साधारण सोळा मजल्यांची उंची आडवी टाकल्यासारखं अंतर. एवढ्या दूर असलेल्या लक्ष्याच्या मधलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफल आठ किलोपर्यंत वजनाची असू शकते. नेम धरायला डोळ्यापाशी एक बारीक छिद्र असतं आणि नळीच्या टोकाशी एक कडी. दोन्हींत ८० सेंटिमीटर अंतर आहे असं धरून मी कागदावर गणित केलं. पुढचं टोक ०.१ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढं हललं तर ५० मीटरवर गोळी सहा मिलिमीटरहून थोडी जास्त सरकते. दहाच्या वर्तुळाची त्रिज्याच ५.२ मिलिमीटर! गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी गुण मिळतो, म्हणून दहा वाचतात. पण अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि अगदी मधोमध लागलेल्या गोळीला १०.९ मिळतात. तिथे केसाएवढी हालचाल पाऊण गुणाच्या आसपास खाऊन टाकते.

एवढी बारीक स्थिरता हाताच्या जोरावर येत नाही. दंडाचे स्नायू कितीही कमावलेले असोत, ताणलेला स्नायू थरथरतोच. शिवाय तो थकतो, त्यामुळे पहिल्या गोळीचा ताण आणि चाळिसाव्या गोळीचा ताण सारखा राहत नाही. हाड मात्र थकत नाही. म्हणून या खेळातली पहिली शिकवण अशी की वजन स्नायूंनी उचलायचं नाही, हाडांवर ठेवायचं आणि हाडांनी ते जमिनीपर्यंत पोचवायचं. पालथं झोपलेल्या नेमबाजाचा डावा हात बघा. कोपर जमिनीवर, तिथून वर खांबासारखा उभा असलेला हात आणि त्यावर रायफल. दंडाभोवती अडकवलेला चामडी पट्टा रायफलच्या पुढच्या भागाला जोडलेला असतो. नेमबाज त्याला स्लिंग म्हणतात. सगळा ताण तो पट्टा घेतो. पट्टा बरोबर बसला असेल तर डाव्या हाताची बोटं सैल सोडली तरी रायफल तिथेच राहते. पंजा रायफलला धरत नाही, फक्त तिच्याखाली असतो.

मग अडचण कुठे येते? फोन उशीवर दाबल्यावर जे झालं तिथेच. पट्टा प्रमाणाबाहेर आवळला किंवा दंडावर चुकीच्या जागी बसला, तर रक्तवाहिनी दाबली जाते आणि प्रत्येक ठोक्याला रायफलचं टोक टुण टुण उडतं. नेमबाजाला ते समोरच्या कडीत स्पष्ट दिसतं. जो पट्टा स्थिर करायला लावला, तोच आता हलवतोय! पालथं झोपताना उजवा गुडघा थोडा वर ओढून घेतात, त्यामागेही असंच कारण आहे. पोट जमिनीवरून जरा उचललं जातं आणि श्वास व ठोके रायफलपर्यंत कमी पोचतात. जमीन आधार देते आणि तुमचं धडधडणं तुम्हालाच परतही करते, असं हे प्रकरण.

दुसरी भानगड मला सगळ्यात आवडली. समजा तुम्ही नेम धरलाय, कडी बरोबर काळ्या वर्तुळाभोवती आहे. आता डोळे मिटा, एकदोन सावकाश श्वास घ्या, अंग सैल सोडा आणि डोळे उघडा. कडी अजून तिथेच असेल तर उत्तम. बाजूला गेली असेल, तर मघाशी तुम्ही ती स्नायूंनी ओढून धरली होती. हातांनी ढकलून नेम जुळवला तर त्या गोळीपुरतं चालेल, पण ट्रिगर दाबायच्या क्षणी ढकलणारा स्नायू हमखास सैल पडतो आणि गोळी शरीर जिकडे बघत होतं तिकडे जाते. म्हणून नेमबाज रायफल हलवत नाहीत, स्वतः हलतात. झोपलेले असतील तर कंबर दोन बोटं सरकवतात, उभे असतील तर पाय. टीव्हीवर एखादा खेळाडू मध्येच उठून चटईवर नव्याने पडताना दिसतो. बघणाऱ्याला वाटतं वेळ काढतोय. खरं तर तो आधाराची जागा दुरुस्त करत असतो.

गुडघ्यावर बसायची तऱ्हा आणखी निराळी. उजव्या पायाच्या घोट्याखाली एक छोटा लोड ठेवतात. बैठकीतल्या तक्क्या-लोडाचं धाकटं भावंडच म्हणा, नियमाप्रमाणे २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर व्यासाचा, यापेक्षा मोठा चालत नाही. अंगाचं बरंचसं वजन त्या टाचेवर येतं. डावं कोपर डाव्या गुडघ्यावर टेकायचं, पण कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर नाही. हाडाचं टोक हाडाच्या टोकावर ठेवलं तर ते घसरतं, गोटीवर गोटी ठेवल्यासारखं. टोक जरा पुढे किंवा मागे घेऊन सपाट भाग टेकवतात. त्यालाही मर्यादा आहे, गुडघ्याच्या टोकापासून पुढे १० सेंटिमीटर आणि मागे १५. झोपून मारताना डावा हात जमिनीशी निदान ३० अंशांचा कोन करून हवा, त्याहून खाली लोळायचं नाही. रायफलखाली पिशवी किंवा तिकाटणं लावायचं नाही. जॅकेटच्या कापडाची जाडीसुद्धा मोजतात, २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. उभ्याने तर पट्टाही नाही. तिथे डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून सगळा डोलारा दोन पायांवर सांभाळायचा. थोडक्यात, या खेळात आधार मागाल तेवढा मिळत नाही, रेशनसारखा मोजून मिळतो.

आता त्या मुलाच्या स्टँडकडे येऊ.

नवशिक्याच्या रायफलखाली स्टँड देण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सरांना एका वेळी एकच गोष्ट शिकवायची असते. स्टँडने वजन उचललं की उरतं काय? दस्ता रोज खांद्याच्या त्याच जागी बसवणं, गाल त्याच जागी टेकवणं, छिद्र आणि कडी जुळवणं, श्वास सोडून थांबणं आणि ट्रिगर झटका न देता दाबणं. स्टँड यातलं काहीही करून देत नाही. उलट स्टँडवर चूक लपत नाही. हात थरथरला अशी सबब तिथे चालत नाही, त्यामुळे भोक बाजूला गेलं तर ट्रिगरवरच्या बोटाकडे किंवा गालाकडे बघावं लागतं. आणि स्टँडवरही नेम बिघडवायचे भरपूर मार्ग आहेत! रायफलची नळीच आधारावर टेकवली की गोळीची जागा बदलते. आधार दगडासारखा कडक असेल तर गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच रायफल त्यावरून उसळायला लागते. म्हणून खाली काहीतरी मऊ हवं आणि टेकवायचा तो नळीखालचा लाकडी किंवा धातूचा भाग, तोही दर वेळी त्याच ठिकाणी. एकदा चार बोटं पुढे आणि एकदा चार बोटं मागे टेकवलीत, तर नेम तोच राहूनही भोकं दोन ठिकाणी पडू शकतात. रायफल आवळून स्टँडवर दाबली तर पुन्हा स्नायूंचा खेळ सुरू. तुमच्या घरात कुणी एनसीसीत असेल तर विचारा. वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवूनही एकाच्या पाच गोळ्या रुपयाएवढ्या जागेत पडतात आणि शेजारच्याच्या ताटभर पसरतात. पिशवी तर सारखीच असते.

म्हणजे दोन महिने कार्डाच्या मधोमध भोकं पाडणाऱ्या त्या मुलाला ट्रिगर येत होता, नेम जुळवणं येत होतं, गाल जागेवर होता. त्याला येत नव्हतं ते फक्त उभं राहणं, कारण ते अजून त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. १० मीटर एअर रायफल उभ्यानेच मारतात, त्यामुळे स्टँड कधीतरी निघणार हे ठरलेलंच होतं. 'येतच नव्हतं' आणि 'अर्धं आलंय' यात एका बारा वर्षांच्या मुलासाठी केवढा फरक आहे! मी हे काकांना जेवढं जमलं तेवढं सांगितलं. ते 'बघू' म्हणाले. काकांच्या तोंडून 'बघू' म्हणजे निम्मी लढाई जिंकली. मुलगा तूर्तास जातोय.

आता 'झोपून कुणीही मारेल'बद्दल. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने ऑगस्ट २०१०मध्ये म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये, म्हणजे झोपूनच, सुवर्णपदक जिंकलं. रायफलमध्ये जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. गुण ६००पैकी ५९७, तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. आधार सगळ्यांना सारखा आणि भरपूर, त्यामुळे सगळेच जवळजवळ पूर्ण गुण मारतात आणि एखादा नऊ पडला की माणूस यादीत खाली जातो. उभ्याच्या सामन्यात चूक भरून काढायला थोडी जागा असते. झोपून मारताना ती नसते. काकांच्या 'कुणीही'मध्ये आणि ५९७मध्ये हेच अंतर आहे. वाईट एवढंच वाटतं की महिलांचा प्रोन प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही आणि पुरुषांचाही २०१६च्या रिओनंतर बंद झाला. आता ऑलिम्पिकमध्ये झोपून नेम धरलेला बघायचा तर तो थ्री पोझिशन्समध्येच.

आणि आता ते सुरुवातीचे आकडे. सगळ्यात जास्त आधार झोपून असतो, तरी स्वप्नीलला पात्रता फेरीत जास्त गुण मिळाले गुडघ्यावर. एका दिवसाच्या वीस गोळ्यांवरून सिद्धान्त मांडू नये, पण आधार जास्त म्हणजे गुण जास्त हे आपोआप होत नाही एवढं तर दिसतं. अंतिम फेरीतले दशांश जास्त बोलके आहेत. गुडघ्यावरच्या १५ गोळ्यांत १५३.३ गुण, म्हणजे गोळीमागे १०.२२. तेव्हा तो सहावा होता. झोपून १५ गोळ्यांत १५६.८, गोळीमागे १०.४५, आणि क्रमांक पाचवा. तिथून उभ्याची पाळी. शेवट ४५१.४वर झाला, म्हणजे उभ्याच्या १४ गोळ्यांत १४१.३, गोळीमागे साधारण १०.०९. तिन्हींत त्याची सगळ्यात कमी सरासरी हीच, आणि पाचव्यावरून तिसरा तो इथेच आला. पट्टा सुटल्यावर सगळ्यांचेच गुण उतरतात, त्याचे इतरांपेक्षा कमी उतरले. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच थ्री पोझिशन्समध्ये खेळल्या आहेत, त्यामुळे पट्टा सुटण्याचा क्षण काय असतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

जाता जाता पॅरा नेमबाजीबद्दल, कारण 'त्यांना तर स्टँड असतो' हे वाक्य मी त्याच गप्पांमध्ये ऐकलं. पॅरा रायफलमध्ये दोन मुख्य गट आहेत. एसएच१ गटातले खेळाडू रायफलचं वजन स्वतःच्या हातांनी पेलतात. टोकियोत सुवर्ण जिंकणारी अवनी लेखरा या गटातली. त्याच दिवशी, ३० ऑगस्ट २०२१ला, पुरुषांच्या १० मीटर एअर रायफल स्टँडिंगमध्ये चौथा आलेला कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकरही याच गटातला. स्टँड मिळतो तो एसएच२ गटाला, ज्यांच्या हातांना रायफलचं वजन पेलणं शक्य नसतं. पण तो स्टँड रायफल घट्ट पकडून ठेवत नाही. त्याच्यात स्प्रिंग असते आणि ती मुद्दाम लवचीक ठेवलेली असते. खेळाडूच्या हातांच्या ताकदीप्रमाणे स्प्रिंग किती मऊ असावी याचेही नियम आहेत. स्प्रिंग वजन घेते आणि टोक डोलत राहतं. ते डोलणं थांबवायचं काम खांद्याचं, गालाचं आणि श्वासाचं. तुमच्या फोनखाली उशीऐवजी गादीतली सुटी स्प्रिंग ठेवून टाकीवरचं नाव वाचायचा प्रयत्न करून बघा. जमलं तर कमेंटमध्ये व्हिडिओ टाका, काकांना दाखवायचा आहे.